आधी काय तुटलं?

इंजिन उघडायच्या आधी प्रॉप पाहायचा. विमान शेतात उतरलंय, नाक मातीत गेलंय, भोवती गाव जमलंय. अशा वेळी प्रोपेलरची दोन पाती काय सांगतात ते आधी ऐकून घ्यावं, माणसांचं नंतर. इंजिन जोरात चालू असताना पातं जमिनीला लागलं तर त्याला पीळ पडतो, टोक पुढे वळतं आणि दोन्ही पात्यांची गत साधारण सारखीच होते. इंजिनाचा जोर आधीच गेलेला असेल तर खालचं पातं मागे दुमडून इंजिनाच्या पोटाखाली जातं आणि वरचं जसंच्या तसं सरळ राहतं. मातीवर पात्यांचे वार उमटलेले असतील तर दोन वारांमधलं अंतर मोजता येतं, विमानाचा वेग ठाऊक असेल तर त्यावरून फेऱ्यांचा अंदाजही निघतो. पायलट म्हणतो, ‘पॉवर गेली.’ ते खरं की काय, एवढं इथे कळतं. का गेली, हे मात्र पात्यावर लिहिलेलं नसतं.

मी मूळ अकोल्याचा. उमेदीची वर्षं लहान विमानांच्या देखभालीत गेली. हँगरच्या भाषेत एएमई, म्हणजे एअरक्राफ्ट मेंटेनन्स इंजिनिअर. सेसना १५२ आणि १७२ ही माझी रोजची कुळं. आता गावी परत आलोय आणि अधूनमधून अमरावती-अकोल्याची इंजिनिअरिंगची पोरं बोलायला बोलावतात. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: सर, इंजिन फेल का होतं? मी म्हणतो, ते नंतर. आधी काय तुटलं ते शोधा. पोरांना वाटतं, म्हातारा प्रश्न टाळतोय.

टाळत नसतो. २०२५च्या जूनमध्ये अहमदाबादला एअर इंडियाचं विमान पडलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी गोरक्षण रोडवरच्या टपरीवर एकाने मला धरलं. “काका, तुमी तं विमानातले. सांगा ना, काऊन पडलं असंन?” मला माहीत नाही म्हटल्यावर त्याचा चेहरा पडला. महिन्याभराने, १२ जुलैला, प्राथमिक अहवाल आला. दोन्ही इंजिनांचे इंधनाचे स्विच उड्डाणानंतर एकापाठोपाठ एक बंदच्या बाजूला गेले, त्यांच्यात साधारण एका सेकंदाचं अंतर होतं, एवढं त्यात होतं. काय झालं ते सेकंदाच्या हिशेबात कळलं, आणि का झालं यावर देशभर भांडण सुरू झालं. तिथे ब्लॅक बॉक्स होता. आमच्या दोन सीटांच्या जुन्या प्रशिक्षण विमानात तो नसतोच. तिथे ‘काय झालं’ हेसुद्धा लोखंड, ॲल्युमिनियम, तेल आणि बघ्यांच्या आठवणी यांतून काढावं लागतं.

लहान विमानांचे असे प्रसंग महाराष्ट्राला नवे नाहीत. २५ जुलै २०२२ला बारामतीहून निघालेलं एक सेसना १५२ इंदापूर तालुक्यातल्या कडबनवाडीच्या शेतात पडलं. आत एकटी प्रशिक्षणार्थी मुलगी होती, ती किरकोळ जखमांवर वाचली. पुढच्या वर्षी ऑक्टोबरात, १९ आणि २२ तारखेला, बारामतीच्याच परिसरात चार दिवसांत दोन प्रशिक्षण विमानं खाली आली, आणि नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, म्हणजे डीजीसीएने, ती विमानं चालवणाऱ्या संस्थेचं प्रशिक्षण थांबवलं. अशा वेळी वर्तमानपत्रांत एकच वाक्य येतं: इंजिनात तांत्रिक बिघाड. मी ते वाक्य वाचतो तेव्हा मला त्यात काहीच सांगितलेलं दिसत नाही. घरी माणूस दगावला आणि डॉक्टरने ‘तब्येत बिघडली होती’ एवढंच लिहून दिलं, तर आपण ऐकून घेऊ का?

काहीच न तुटलेल्या इंजिनापासून सुरुवात करतो, कारण तेच सगळ्यात जास्त छळतं.

श्रावणाचे दिवस होते. विदर्भातल्याच एका धावपट्टीवर उतरायला येताना एका प्रशिक्षणार्थीचं सेसना पट्टीच्या थोडं अलीकडे सोयाबीनमध्ये बसलं. मुलाला खरचटण्यापलीकडे काही झालं नाही. एक पातं मागे दुमडलेलं, दुसरं सरळ. शेताचे मालक धुऱ्यावरच होते. त्यांना विचारलं, आवाज कसा आला?

“आधी फुरफुर फुरफुर केलं जी, मंग एकदम चूप.”

“फटाका वाजल्यासारखं काही?”

“नाई. फटाका-बिटाका काई नाई. धूर बी नाई पायला.”

आयुष्यभर डिझेल पंप आणि ट्रॅक्टर ऐकलेल्या माणसाचे कान आहेत ते. त्यांच्या त्या दोन वाक्यांनी माझं निम्मं काम केलं. कनेक्टिंग रॉड तुटला असता तर दणका ऐकू आला असता. ठिणगी देणाऱ्या मॅग्नेटोने दगा दिला असता तर बहुधा सायलेन्सरमध्ये फटाके वाजले असते. फुरफुरणं आणि मग गप्प होणं म्हणजे इंजिनाला पेट्रोल तरी मिळालं नाही, हवा तरी, किंवा त्या दोघांचं प्रमाण तरी बिघडलं.

मग एकेक दार लावत जायचं. दोन्ही टाक्यांत पेट्रोल होतं. पंखाखालच्या बोंडीतून पारदर्शक कपात काढून पाहिलं: निळं, स्वच्छ. विमानाच्या पेट्रोलला निळा रंग मुद्दाम दिलेला असतो. पाणी जड, ते तळाशी बसतं आणि मधे रेघ दिसते. पण यात एक खोच आहे, ती नवख्यांना सांगावीच लागते. कपात सगळंच पाणी आलं असेल तर रेघ दिसणारच नाही. तेही स्वच्छच दिसतं. म्हणून कपामागे पांढरा कागद धरून निळा रंग आहे ना ते बघायचं, नुसता स्वच्छपणा बघायचा नाही. गाळणी साफ, कार्बोरेटरची वाटी साफ. आठही प्लग काढले. चार सिलिंडरांना प्रत्येकी दोन, कारण विमानाच्या इंजिनात ठिणगीची व्यवस्था दुहेरी असते, दोन मॅग्नेटो एकमेकांवर अवलंबून नसतात. प्लगांचा रंग करडा-तपकिरी, म्हणजे जळण व्यवस्थित होत होतं. काळी काजळी असती तर पेट्रोल जास्त, पांढरे फोड असते तर ताप जास्त. कॉम्प्रेशन ठीक. पुढे इंजिन स्टँडवर चढवलं, दुसरा प्रॉप लावला, आणि बटण दाबताच पठ्ठ्या चालू झाला. १७०० फेऱ्यांवर मॅग्नेटो एकेक करून तपासले. १२५ फेऱ्यांपर्यंत घट चालते, इथे ती बरीच कमी होती.

कागदावर आलं: दोष आढळला नाही.

मला या शेऱ्याचा राग आहे. तो खोटा नसतो, पण तो लिहिला की फाइल मिटते. इंजिन सोयाबीनमध्ये बंद पडलं होतं हे तर खरंच ना? मग दोष सापडला नाही याचा अर्थ इतकाच की जिथे शोधला तिथे तो नव्हता, किंवा शोधायला गेलो तोवर राहिला नव्हता.

त्या दुपारी हवा २५ अंश होती आणि दवबिंदू २३. पाऊस नुकताच थांबलेला, हवा चिंब. वऱ्हाडातल्या माणसाला बर्फ म्हटलं की रसवंती आठवते. २५ अंशांत इंजिनात बर्फ होतो म्हटलं तर लोक हसतात, आणि इंजिनिअरिंगची पोरंसुद्धा हसतात. पण कार्बोरेटरच्या अरुंद गळ्यातून हवा जाते तेव्हा तिचा दाब उतरतो, आणि त्यात फवारलेल्या पेट्रोलची वाफ होताना ती आणखी उष्णता ओढून घेते. दोन्ही मिळून तापमान वीस-पंचवीस अंशांनी खाली जाऊ शकतं. बाहेर २५ असेल तर थ्रॉटलच्या पाकळीजवळ शून्याच्या आसपास. उतरताना थ्रॉटल ओढलेला असतो, म्हणजे पाकळी जवळजवळ मिटलेली. तिच्या कडेने उरलेली फट बुजायला बारीकसा थरही पुरतो. आमच्या मे महिन्यातल्या ४५ अंशांच्या कोरड्या हवेत हे सहसा होत नाही. होतं ते श्रावण-भाद्रपदात, जेव्हा पायलटला वाटतं की उन्हाळा संपला, आता इंजिनाला सुख आहे.

आणि विमान शेतात बसल्यावर? तापलेल्या इंजिनाच्या उबेने तो बर्फ पाच-दहा मिनिटांत वितळतो. आम्ही पोचेपर्यंत पुरावा पाणी होऊन गेला होता आणि ते पाणीही वाळलं होतं.

यावर उपाय विमानातच असतो. कार्ब हीटची मूठ ओढली की सायलेन्सरभोवतीची गरम हवा कार्बोरेटरात येते. पण बर्फ साचल्यावर ती ओढली की इंजिन आधी आणखी खडखडतं, कारण वितळलेलं पाणी सिलिंडरांत जातं. सुधारतं ते नंतर. घाबरलेला नवशिका नेमक्या त्या क्षणी मूठ परत आत ढकलतो. त्याच्या दृष्टीने ते बरोबरच असतं, काहीतरी केलं आणि बिघाड वाढला.

आमच्या विमानात ती मूठ आत होती. मुलगा म्हणाला, मी ओढली होती. मग खोटं कोण, मूठ की मुलगा? कुणीच नाही. उतरल्यावर त्याने शिकवल्याप्रमाणे पेट्रोल बंद केलं, स्विच बंद केले, हाताला लागेल ते जागेवर ढकललं. नंतर गावातला एक जण त्याची बॅग काढायला कॉकपिटमध्ये वाकला होता. शेतातल्या अपघातात मदतीला धावलेल्या माणसांनी जागा बदलली म्हणून आम्ही कधी तक्रार करू नये. तुटक्या विमानात माणूस असताना पुरावा जपा म्हणणारा माणूस मला भेटू नये. पण मग मुठीची जागा पुरावा म्हणून धरता येत नाही, एवढं अहवालात लिहावं लागतं. लिहिलं गेलं ते असं: इतर कारणं तपासून बाजूला केली, हवामान अनुकूल होतं, कार्बोरेटरमध्ये बर्फ जमणं हे संभाव्य कारण. मला ते वाक्य ‘दोष आढळला नाही’पेक्षा कितीतरी प्रामाणिक वाटतं.

आता तुटलेल्या इंजिनाकडे येऊ. इथे उलटी अडचण असते. इंजिन मिनिटाला दोन-अडीच हजार फेऱ्या घेत असताना आत एक बोल्ट गेला, तर पुढच्या एका सेकंदात कनेक्टिंग रॉड सुटतो, क्रँककेस फोडून बाहेर येतो, कॅमशाफ्ट मोडतो, पिस्टनचे तुकडे तेलाच्या तळात जातात. ट्रेमध्ये शंभर तुकडे. एक आधी गेला, बाकीचे त्याच्यामागे गेले. नवखा माणूस सगळ्यात मोठं भोक बघतो आणि म्हणतो, हे बघा कारण. बहुतेक वेळा ते भोक हा शेवटचा परिणाम असतो.

तुकड्यांचे चेहरे वाचायला शिकावं लागतं. एका दणक्यात तुटलेल्या धातूचा चेहरा ओबडधोबड, रवाळ, कडेला ताणलेला. थकून तुटलेल्याचा वेगळा. अकोल्याजवळ कापशीचा तलाव उन्हाळ्यात आटत जातो तेव्हा काठावर पाण्याच्या जुन्या पातळ्यांच्या रेघा एकीबाहेर एक उमटलेल्या दिसतात. थकून तुटलेल्या पोलादावर तशाच कमानी दिसतात. फक्त इथे त्या कमानी एका बिंदूपासून बाहेर पसरत जातात. त्या बिंदूपाशी भेग जन्मली. तिथून ती दर उड्डाणाला थोडी पुढे सरकली, आणि उरलेला भाग भार पेलेनासा झाला तेव्हा तो एकदम फुटला. हातभिंग, तिरपा उजेड आणि सवड एवढं असलं की मूळ बिंदू सहसा सापडतो. त्या चेहऱ्यावर बोट मात्र फिरवायचं नाही, आणि दोन तुटके भाग जुळतात का म्हणून एकमेकांवर बसवून तर बिलकूल पाहायचं नाही. प्रत्येकाला तो मोह होतो. एकदा घासलं की वाचायचं अक्षर गेलं.

पण बिंदू सापडला तरी प्रश्न उरतोच. भेग तिथे का जन्मली? पोलादात मुळातच खोट होती? घासणीत, मशीनिंगमध्ये चूक झाली? बेअरिंग सरकून तिथे ताप झाला? की इंजिन वर्षानुवर्षं चुकीच्या पद्धतीने चालवलं गेलं? पहिला प्रश्न लोखंडाला विचारता येतो. पुढचे प्रश्न माणसांना, कारखान्यांना, वहीतल्या नोंदींना विचारावे लागतात, आणि तिथे उत्तर देणाऱ्याचा काहीतरी हिशेब असतो.

ऑस्ट्रेलियातलं व्हायला एअरलाइन्सचं प्रकरण मी पोरांना नेहमी सांगतो. ३१ मे २०००च्या संध्याकाळी ॲडलेडहून व्हायलाकडे निघालेलं पायपर चीफटन जातीचं दोन इंजिनांचं लहान विमान स्पेन्सर आखाताच्या काळ्या पाण्यात उतरवावं लागलं. पायलट धरून आठ माणसं होती, आठही गेली. विमानात लाइफ जॅकेटं नव्हती. दोन इंजिनांचं विमान लोक विश्वासाने घेतात ते याचसाठी की एक गेलं तर दुसरं घरी नेईल. इथे दोन्ही गेली. समुद्रतळातून वर काढल्यावर डाव्या इंजिनाचा क्रँकशाफ्ट थकून तुटलेला निघाला आणि उजव्या इंजिनाच्या एका पिस्टनला तापून वितळून भोक पडलेलं.

म्हणजे तुटलेले भाग दोन, स्वच्छ दिसणारे, कुणालाही दाखवता येतील असे. आता क्रम लावा.

तिथल्या तपास संस्थेने २००१च्या डिसेंबरात अहवाल दिला: आधी डावं गेलं, मग पायलटने उजव्यावर जोर टाकला आणि तेही तापून गेलं. एक साखळी, एक सुरुवात. आणि त्या सुरुवातीच्या मागे त्यांनी इंजिन चालवण्याची पद्धतही ठेवली. पेट्रोल वाचवायला मिश्रण बारीक, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी, ठेवण्याची रीत, त्यातून सिलिंडरांत साचणारे शिशाचे थर, अवेळी पेट घेणं, बेअरिंगवर पडणारा जास्तीचा भार. यावर अमेरिकेतल्या पिस्टन इंजिनांच्या जाणकारांनी जाहीर आक्षेप घेतले. मिश्रण बारीक ठेवल्याने असं होत नाही, तुमचा ताप भलत्याच ठिकाणचा आहे, हा त्यांचा रोख. त्याच सुमारास २००२मध्ये लायकॉमिंग या कारखान्याने आपल्या मोठ्या इंजिनांचे क्रँकशाफ्ट पोलादातल्या दोषाच्या कारणाने परत बोलावायला सुरुवात केली. ऑस्ट्रेलियाच्या संस्थेला तपास पुन्हा उघडावा लागला. दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या कॉरोनरने, म्हणजे मृत्यूंची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याने, स्वतंत्र चौकशी केली आणि २००३मध्ये आपला निष्कर्ष दिला. तो तपास संस्थेशी जुळला नाही. आधी कोणतं इंजिन गेलं इथपासून मतभेद. संस्थेने त्याच वर्षी पुरवणी अहवाल काढला आणि आपल्या मूळ क्रमावर ठाम राहिली.

मी हे सगळं वाचलं तेव्हा रात्रभर तो क्रम उलटसुलट लावून पाहिला. डावं आधी धरलं तर उजव्याचं जाणं समजतं. एका घटनेतून दुसरी निघते. उजवं आधी धरलं तर मग त्याच उड्डाणात, काही मिनिटांच्या अंतराने, डाव्याचा क्रँकशाफ्टही तुटला हा योगायोग मानावा लागतो. हँगरमध्ये योगायोगावर कुणाचा विश्वास नसतो, माझाही नाही. पण अविश्वास हा काही पुरावा नव्हे. भेग आधीपासून वाढतच होती. ती ज्या दिवशी पूर्ण व्हायची त्या दिवसाने उजव्या इंजिनाची परवानगी घेतली असेलच असं नाही. दुसरी गोष्ट जास्त बोचते. क्रम बदलला की बोट दाखवायची दिशा बदलते. डावं आधी, आणि तेही चालवण्याच्या पद्धतीमुळे, असं म्हटलं तर प्रश्न विमान कंपनीच्या दाराशी जातो. पोलादात खोट होती म्हटलं तर कारखान्याच्या. तेच दोन तुकडे, तेच टेबल.

त्या क्रँकशाफ्टांची गोष्ट पुढे अमेरिकेत टेक्सासच्या न्यायालयात गेली. लायकॉमिंगचं म्हणणं, घडाई करणाऱ्या कारखान्याने पोलाद जास्त तापवलं. घडाईवाल्याचं म्हणणं, तुम्हीच पोलादात व्हॅनेडियम मिसळायला लावलं, दोष तुमच्या आराखड्यातच. २००५मध्ये ज्युरीने घडाईवाल्याच्या बाजूने कौल दिला आणि प्रकरण वरच्या न्यायालयातही गेलं. धातुतज्ज्ञ दोन्हीकडे होते, सूक्ष्मदर्शकाखालचे फोटो दोन्हीकडे तेच. न्यायालयाला शेवटी ठरवावं लागतं की पैसे कुणी द्यायचे, आणि ते ठरवायला बारा साध्या माणसांना पोलादाचे रवे समजावून सांगावे लागतात. मला त्या बारा जणांची कीव येते.

म्हणूनच अपघाताचा तांत्रिक तपास आणि दोष ठरवणं ही दोन कामं वेगळी ठेवलेली आहेत. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या १३व्या परिशिष्टात ते आहे आणि आपल्या २०१७च्या अपघात-तपास नियमांतही आहे: तपासाचा एकमेव हेतू पुढचे अपघात टाळणं, दोष किंवा जबाबदारी ठरवणं नाही. आपल्याकडे विमान अपघात अन्वेषण ब्यूरो २०१२पासून डीजीसीएपासून वेगळा काढला गेला, तोही याचसाठी. परवाने देणाऱ्यानेच अपघात तपासायचा म्हणजे स्वतःच्याच सहीखाली चूक शोधायची. कागदावर हे सगळं सुरेख आहे. हँगरमध्ये काय होतं ते मी पाहिलंय. अपघात झाला की पहिल्या तासात इंजिनाची वही, म्हणजे लॉगबुक, कपाटात बंद होते. ते योग्यच आहे. पण त्याचबरोबर माणसांची तोंडंही बंद होतात. शेवटचं तेल कुणी बदललं, फिल्टर कापून पाहिला होता का, त्यात चकाकणारे कण होते का, हे सांगू शकणारा मेकॅनिक आधी घरी फोन करतो आणि मग वकिलाला. नियम म्हणतो दोष देणार नाही. त्याला ठाऊक असतं की नोकरी नियमाच्या बाहेर असते.

तेलाचा फिल्टर कापून पाहणं हे तसं पाच मिनिटांचं काम. करवतीने कापायचा नाही, नाहीतर करवतीचेच कण आत पडतात. त्यासाठी वेगळं कटर येतं. आतला कागद पसरायचा, पिळायचा, उजेडात धरायचा, लोहचुंबक फिरवायचं. चुंबकाला चिकटलं तर पोलाद, नाही चिकटलं आणि पिवळसर असलं तर बेअरिंग किंवा बुशचा माल, पांढरं असलं तर ॲल्युमिनियम. इंजिन आजारी पडण्याआधी कित्येक तास तिथे लिहून ठेवतं. अपघातानंतरच्या तपासात जो प्रश्न आम्ही इतक्या गांभीर्याने विचारतो, आधी काय गेलं, तोच इथे दर तेलबदलाला विचारता येतो. फिल्टर बदलला पण कापला नाही, अशी नोंद असलेल्या वह्या मी बऱ्याच पाहिल्यात, आणि त्या नोंदीखाली सही व्यवस्थित असते.

आता हे सगळं वऱ्हाडाच्या अंगणात येऊ घातलंय. अकोल्याची शिवणीची धावपट्टी दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली. ती लांबवायचा विषय आणि शेजारची पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाची जमीन यावर आमच्याकडे लग्नातसुद्धा वाद होतात. अमरावतीचं नशीब चांगलं. बेलोऱ्याच्या विमानतळावरून १६ एप्रिल २०२५ला मुंबईची विमानसेवा सुरू झाली, आणि तिथेच एअर इंडियाची वैमानिक प्रशिक्षण अकादमी ठरली. वर्षाला १८० वैमानिक घडवायचे, ३४ विमानं. त्यातली ३१ एका इंजिनाची पायपर आर्चर, तीन दोन इंजिनांची डायमंड.

उन्हाचा हिशेब त्यांनाही करावा लागेल. बेलोरा समुद्रसपाटीपासून हजार-अकराशे फुटांवर. पण मेच्या दुपारी ४५ अंशांत हवा इतकी विरळ होते की इंजिन आणि पंख दोघांनाही आपण पाच हजार फुटांवर आहोत असंच वाटतं. धावपट्टी जास्त लागते, चढ मंदावतो. पायलट म्हणतो, इंजिन ओढत नाही. स्नॅग, म्हणजे बिघाडाची तक्रार, लिहिला जातो, आम्ही इंजिन तपासतो, काही सापडत नाही. सापडेल कसं? विचारायला हवं होतं ऊन किती होतं.

पण अकादमीच्या पोरांना जे इंजिन मिळणार आहे ते माझ्या ओळखीचं नाही. आर्चरचं हे मॉडेल निळ्या पेट्रोलवर चालत नाही, जेट इंधनावर चालतं. आत मर्सिडीजच्या मोटारीच्या इंजिनातून वाढलेलं टर्बो डिझेल. त्याला मॅग्नेटो नाही, प्लग नाही, मिश्रणाची मूठ नाही, आणि कार्बोरेटर नसल्यामुळे माझा श्रावणातला बर्फही नाही. सगळा कारभार संगणकाकडे, फाडेककडे. तो प्रत्येक क्षणाची नोंद ठेवतो: दाब, ताप, फेऱ्या. आधी काय गेलं, हा माझा जन्मभराचा प्रश्न त्या नोंदीत बहुधा सुटलेला असेल.

बहुधा म्हणतो, कारण ४ मार्च २००७ला जर्मनीत श्पायरला एक डायमंड डीए-४२ उडाल्या-उडाल्या खाली आलं. दोन्ही डिझेल इंजिनं एकदम बंद. माणसं वाचली. इंजिनांत काहीही तुटलेलं नव्हतं. बॅटरी उतरलेली होती, बाहेरची वीज लावून इंजिनं चालू केली होती. हवेत गेल्यावर चाकं वर घ्यायला मोटरने वीज ओढली, दाब क्षणभर खाली आला आणि दोन्ही इंजिनांचे संगणक एकाच वेळी स्वतःला पुन्हा सुरू करायला बसले. तेवढ्या क्षणात दोन्ही प्रॉपची पाती हवेच्या प्रवाहाला समांतर वळली आणि ओढ संपली. दोन इंजिनं, दोन स्वतंत्र व्यवस्था असं समजून बसलेल्या सगळ्यांना कळलं की बॅटरी एकच होती. त्यानंतर संगणकांना वेगळी राखीव बॅटरी आली.

परवा अमरावतीच्या एका विद्यार्थिनीने मला विचारलं, सर, या नव्या इंजिनाचं ओव्हरहॉल किती तासांनी? मी म्हटलं, ओव्हरहॉल नाही. ठरलेले तास भरले की अख्खं इंजिन काढायचं, परत पाठवायचं, नवं बसवायचं. आमच्या जुन्या लायकॉमिंगला दोन हजार, चोवीसशे तास झाले की आम्ही ते टेबलावर पूर्ण उघडायचो. बेअरिंगवर कुठे रेघ आहे, क्रँकशाफ्टला कुठे भेग आहे ते आमच्या डोळ्यांनी दिसायचं, आणि चांगल्या स्थितीतलं इंजिन आतून कसं दिसतं हे हाताला माहीत व्हायचं. ते माहीत नसेल तर बिघडलेलं ओळखायचं कशावरून?

“मग ते बंद पडलं तर उघडणार कोण?” तिने विचारलं.

ज्याने बनवलं तो, तपास अधिकाऱ्याच्या समोर. परिशिष्ट १३मध्ये ती तरतूद आहे. ज्या देशात इंजिन बनलं त्या देशाचा प्रतिनिधी तपासात येऊ शकतो आणि कारखान्याची माणसं त्याच्या मदतीला. त्यांच्याइतकं ते इंजिन दुसऱ्या कुणाला कळत नाही हे खरंच आहे. तिने वहीत लिहून घेतलं आणि विचारलं, नोंदीचा संगणक वाचायचं सॉफ्टवेअर कुणाकडे असतं? मी म्हटलं, तेही त्यांच्याकडेच. ती थोडा वेळ गप्प राहिली, मग म्हणाली की तिला ब्यूरोच्या भरतीची माहिती कुठे मिळेल. मी तिला दिल्लीच्या कार्यालयाचा पत्ता काढून दिला.